व्याह्यांपुढे टाकलेले दोन एक्के

करामा, दुबई

ती. दादांना,

जगन्नाथचा वाकून नमस्कार (डॉक्टरांनी दिलेला कंबरेचा पट्टा बांधून जितकं वाकता येतं तितकं). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर कशी आहे? इकडे मी, नीलिमा आणि लेक स्वानंदी बरे आहोत. तुम्ही सांगलीहून धाडलेली हळद अल क्वोजच्या गोदामात पोचली, ओल लागलेली नाही. फोन असताना हे पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की फोनवर स्वानंदीच्या लग्नाचा विषय काढला की तुम्हाला खोकला येतो आणि फोन बंद होतो. पत्र वाचताना तुम्ही कितीही खोकलात तरी ते बंद पडायचं नाही.

मुलगा तुम्हाला ठाऊक आहे. ॲरॉन, मूळचा वसईचा, ख्रिस्ती, वागायला सरळ. वडील लॉरेन्स इथे एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतात, आई ब्रिजिट शिपिंगच्या ऑफिसात आहे. आम्हाला स्थळ पसंत आहे, पण दादांच्या होकाराशिवाय मी सुपारी फोडणार नाही हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलंय. तुम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. फक्त ‘माणसं कशी आहेत?’ एवढं एकदा विचारलंत आणि लगेच हळदीच्या भावावर आलात. हे मी लॉरेन्सना सांगितलं, तर ते म्हणाले, “सिंपल आहे! माणूस कसा ते पत्त्यांत कळतं. दादांना शनिवारी आपल्या टेबलावर बसवा.” टेबल म्हणजे मोबाइलवरचं. आमची दोन्ही घरं शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन पोकर खेळतात. तेव्हा हे पत्र म्हणजे तुमची शिकवणीच समजा.

तुम्ही मेंढीकोटातले वाघ, पण इथे भिडू नसतो. समोरच्याला खुणावणं, घसा खाकरणं, हे काहीही उपयोगाचं नाही. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मध्ये हळूहळू पाच उघडे पडतात, आणि आपला हात बरा असेल तर चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, लावायच्या, नसेल तर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. दहातले सात हात पहिल्याच फटक्याला टाकावेत असं जाणकार सांगतात. आपल्या घराण्याला हे जड जाणार. ताटात वाढलेलं टाकायचं नाही या आईच्या शिस्तीत वाढलेला मी, पहिले कित्येक शनिवार दुर्री-सत्तीसुद्धा शेवटपर्यंत चघळत बसलो आणि सगळ्यांत आधी उठलो. दुसरं असं की ज्याची पाळी शेवटी येते त्याचं फावतं, कारण बाकीच्यांनी काय केलं ते त्याला दिसतं. आपल्यात पाहुण्यांना आधी वाढतात, पोकरमध्ये शेवटी जेवणारा सुखी (नीलिमाला हे फार पटलं, ती गेली कित्येक वर्षं शेवटीच जेवते आणि त्यात सुख कुठे आहे ते मला विचारते).

आता सुरक्षेचं. आमच्या चिप्स खोट्या आहेत, त्यांत कोथिंबिरीची जुडीही येत नाही. पैशांनी खेळण्याच्या भानगडीत चुकूनही पडू नका. इथे विनापरवाना तसलं काही केलं तर व्हिसाच खलास, आणि तिकडेही आता कायदा कडक झालाय असं ऐकतो. ॲप फक्त मोबाइलच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. कुणी लिंक पाठवली तर तिला हात लावू नका. हे मी अनुभवाने सांगतो. मी ‘मोफत एक लाख चिप्स’ अशी लिंक दाबली (फुकट म्हटल्यावर दाबली, त्यात काय एवढं), त्या ॲपला माझे सगळे नंबर बघायची परवानगी दिली, आणि अर्ध्या तासात माझ्या तमाम गिऱ्हाइकांना माझ्याच नावाने निरोप गेला, की मी जुगारात मालामाल झालोय, तुम्हीही या. रास अल खोरच्या बाजारातले मोहिद्दीनभाई, ज्यांना मी मिरची पुरवतो, त्यांचा तडक फोन आला. “हबीबी, ये हराम का काम कब से चालू किया?” मी शपथा घेतल्या, तरी त्यांनी चहा पाजून तासभर उपदेश केला आणि मला तो मान खाली घालून ऐकावा लागला. फोन साफ करायला दीडशे दिरहम गेले, म्हणजे आपले साडेतीन हजार. तेव्हा ओटीपी कुणालाही देऊ नका, पासवर्डमध्ये स्वतःची जन्मतारीख घालू नका, आणि अनोळखी माणूस गोड बोलायला लागला की टेबल सोडा. रागात असताना खेळू नका. हरलेलं एका हातात परत मिळवायला जाऊ नका. हे शेवटचे दोन नियम तुम्हाला सांगतोय खरा, पण नीलिमा म्हणते ते मोठ्या अक्षरांत लिहून मी आमच्या फ्रिजवर लावावेत.

यानंतर जे घडलं ते लिहायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही माणसं कशी आहेत असं विचारलंत, म्हणून लिहितो. मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे जिंकायचं असतं का? आपल्याकडे मानपान सगळा मुलाकडच्यांचा. म्हणून लॉरेन्सनी चिप्स लावल्या की मी निमूट पत्ते टाकायचो. एकदा माझ्याकडे दोन एक्के आले. दादा, सुरुवातीला यापेक्षा मोठा हात नसतो. लॉरेन्सनी चिप्स पुढे सारल्या, आणि मी एक्के टाकले. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण माझा विनय कुणाच्या लक्षातच येणार नसेल तर त्याचा उपयोग काय, म्हणून मी ‘पत्ते दाखवा’ हे बटण दाबलं. टेबलावरच्या सगळ्यांना माझे दोन एक्के दिसले. पलीकडच्या खोलीतून स्वानंदी ओरडली, “बाबा! नोबडी फोल्ड्स एसेस!” लॉरेन्स तडक टेबलावरून उठले.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात सुतक आल्यासारखं होतं. ब्रिजिटबाईंनी नीलिमाला फोन करून विचारलं, की तुम्हाला हे लग्न नको असेल तर स्पष्ट सांगा, मुलांना उगाच आशेवर ठेवू नका. लॉरेन्सचा समज असा झाला होता, की ही माणसं आपल्याशी मनापासून खेळतसुद्धा नाहीत, म्हणजे वरवर गोड बोलून पाय काढून घेतायत. मी मान दिला आणि त्यांना तो अपमान वाटला. स्वानंदी माझ्याशी बोलेना. ती जेवणाचं ताट घेऊन खोलीत जाऊ लागली तेव्हा मला धडकी भरली. दादा, खरं सांगतो, इतका मी धंद्यातल्या कुठल्याही नुकसानीत घाबरलो नव्हतो.

शेवटी श्रीखंडाचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडून तर राहतात. मुलीच्या बापाची रीत, आपली पद्धत, सगळं समजावून सांगितलं. लॉरेन्सनी ऐकून घेतलं, कपाटातून खरे पत्ते काढले, टेबलावरचं मेणकापड पुसलं आणि म्हणाले, “यल्ला, बसा. पण आता मुलीचा बाप म्हणून नाही. तुमची मुलगी मी काय डावात जिंकतोय का? ती आपल्या दोघांच्या घरात राहणार.” मग आम्ही खेळलो. मी त्यांना एका हातात असं कापलं की ब्रिजिटबाई आतून बघायला आल्या. लॉरेन्सनी कपाळावर हात मारला, मग उठून मला मिठी मारली (पट्टा बांधलेला होता, म्हणून वाचलो). श्रीखंड त्यांनी पावाला लावून खाल्लं. ते मात्र मला बघवलं नाही.

तर माणसं अशी आहेत. हरल्यावर ज्यांना आनंद होतो अशी माणसं मला तरी दुसरी भेटलेली नाहीत. एकच लक्षात ठेवा, लॉरेन्सनी चॅटवर ‘गॉड ब्लेस’ लिहिलं की त्यांच्याकडे काहीही नसतं, खुशाल भिडा.

मोठ्यांस नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल.

तुमचा,
जगन्नाथ

ता. क. पोकरबद्दल वर लिहिलेलं सगळं विसरलात तरी चालेल. बाबा गेल्यावर माझं लग्न तुम्ही उभं राहून लावलंत. स्वानंदीचं तुमच्याशिवाय लावायची माझी छाती होत नाही, आणि पोरीलाही ते नको आहे. जिंका, हरा, पत्ते उलटे धरा, पण शनिवारी या.

ता. क. २. ॲप उघडायला जमलं नाही तर वहिनींना विचारा. तुम्ही शनिवारी वाचनालयाच्या मिटिंगला गेलात की त्या आमच्या टेबलावर असतात. दिवाळीपासून खेळतायत आणि लॉरेन्सना त्यांनी पार धुऊन काढलंय. ते त्यांना विहीणबाई म्हणतात. ॲरॉनच्या शेरवानीचं कापडही वहिनींनी आणून ठेवलंय, तुमच्याच कपाटात, स्वेटरांच्या खाली. रंग पसंत नसेल तर शनिवारी टेबलावर येऊन सांगा.