उघडू नये, तेलपाणी करावे

लिहून ठेवणार मी, वय एकाहत्तर, धंदा पंप व मोटर दुरुस्ती, डोके ठिकाणावर आणि कान त्याहून ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. दडपण आणणारी मंडळी सध्या स्वयंपाकघरात माझ्याविषयी कुजबुजत आहेत. ऐकू येते आहे.

कलम १. आधी कारण. दुखणे बरे होणारे नाही हे मला सोडून सगळ्यांना सांगितले होते. मला म्हणत, "गॅसेस आहेत." गॅसेससाठी थोरला मुलगा जिन्यात रडत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंना एकटे गाठले. त्या म्हणाल्या, "काका, आजार जाणार नाही. पण दुखू न देणं आमच्या हातात आहे. कुठपर्यंत जायचं, ते घरी बोलून घ्या."

घरी विषय काढला. थोरला म्हणाला, "बाबा, अभद्र बोलू नका," आणि त्याने टीव्ही मोठा केला.

कलम २. आमच्या वर्कशॉपचा नियम असा की मोटर खोलण्याआधी मालकाला विचारायचे, कुठपर्यंत जायचे? उत्तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मोटरीला बांधायचे. चाळीस वर्षांत चिठ्ठीवाचून एकही मोटर खोललेली नाही. म्हणून पुढच्या वेळी वॉर्डात दाखल झालो तेव्हा स्वतःची चिठ्ठी लिहिली: "उघडू नये. तेलपाणी करावे. आवाज वाढल्यास घरी पाठवावे." हाताला सुई होती, म्हणून पायाच्या अंगठ्याला बांधली आणि झोपलो.

अंगठ्याला चिठ्ठी कोणाच्या असते, हे वॉर्डबॉय मामांना ठाऊक होते, मला नव्हते. जाग आली तेव्हा तोंडावर चादर होती आणि भोवती घरचे रडत होते. उठणारच होतो, पण आमच्या घरात इतके स्पष्ट बोलणे प्रथमच ऐकू येत होते.

कलम ३. जे ऐकले त्याप्रमाणे वाटणी.

मेहुणा म्हणाला, "माणूस सोन्यासारखा, पण माझी शिडी काही परत दिली नाही." शिडी माझी आहे. तरी त्याला द्यावी. तिसरी पायरी मोडकी आहे, ते त्याचे त्याला कळेल.

थोरला म्हणाला, "विचारत होते ते मला. मी टीव्ही मोठा केला." वर्कशॉप त्याला. चिठ्ठीचा नियम मोडू नये. वॉर्डाच्या पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे, तिथे तीन दिवस ऐकत होतो. तेही त्याने बदलून द्यावे. घर आणि शिल्लक दोघा मुलांत निम्मेनिम्मे.

धाकट्या सुनेचे आणि माझे नऊ वर्षे पटत नाही, कारण ती माझ्या चांगल्या पान्याने अक्रोड फोडते. ती म्हणाली, "कुणीतरी पाय झाका त्यांचे. गार लागतं त्यांना." मेहुणा म्हणाला, "अगं, आता कसलं गार?" "लागतं म्हणजे लागतं," म्हणत तिने माझा तळवा धरला, थांबली, आणि म्हणाली, "गरम आहे. बाबा, पुरे झालं. उठा."

मी उठलो. मामा पडले. पाना सुनेला.

कलम ४. माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मीच डॉक्टरांना म्हटले होते, काहीही करा, शेवटपर्यंत करा. घशात नळी होती. एकवीस दिवस ती ओठ हलवत राहिली. भिंतीपलीकडचे बेअरिंग ओळखणारा मी, ती काय म्हणत होती ते मला कळले नाही. अजून कळलेले नाही.

म्हणून मला मशीन नको, नळी नको. दुखण्यावरचे औषध सढळ हाताने द्यावे. घरी ठेवावे. मला बोलता येईनासे झाले तर शब्द धाकट्या सुनेचा; वकिलांच्या सांगण्यावरून तसा वेगळा कागद केला आहे. थोरल्याने तिच्याशी वाद घालू नये. त्याने उशाशी बसून बोलावे, काय वाटेल ते. माणसाचे कान शेवटपर्यंत चालतात, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. माझे तर चालतीलच.

लिहून ठेवणाऱ्याची सही.

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. सही.
२. वॉर्डातले मामा. सही. शेरा: सही करताना काका जिवंत होते. नाडी दोनदा पाहिली.

ठिकाण: घर, खिडकीजवळची खाट.
दिनांक: १७ मार्च, मंगळवार. थोरला खुर्ची ओढून शेजारी बसला आहे. टीव्ही बंद आहे.