माझ्या मापाचा माळा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. नेहमीसारखा वाकून करायचा होता, पण सध्या कंबर एका ठरावीक कोनात अडकली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे. (कंबरेचं कारण पुढे येतंच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ असं कळवू नकोस. न्हाणीत पडलीस तेव्हाही तू दोन दिवस बरीच होतीस, आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं की तू भिंत धरून घरात फिरते आहेस. इकडे सगळं ठीक. चिरंजीव, सूनबाई आणि नात मजेत आहेत. हिचा रक्तदाब ताळ्यावर आहे, निदान मी माळ्यावर असतो तेवढा वेळ तरी.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. भावजी गेल्यापासून तीन वर्षं मी तुला आमच्याकडे राहायला ये म्हणतो आहे, आणि तीन वर्षं तू ‘तुमच्या घरात जागा कुठे आहे’ एवढं विचारून फोन ठेवतेस. आणि जागा खरंच नव्हती. खाली दोन खोल्या. एकीत आम्ही दोघं, दुसरीत चिरंजीवांचा संसार, आणि पाहुणा आला की स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवून त्याचं अंथरूण. पण तू पडल्याचं कळलं त्या दिवशी मी ठरवलं की हे वाक्य तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं नाही. घरात जागा नसेल, घराच्या डोक्यावर तर आहे. माळ्याची खोली करायची आणि तुला तिथे आणून ठेवायची. आधी कळवलं असतं तर तू मोडता घातला असतास, म्हणून गुपचूप कामाला लागलो.

माळा रिकामा करायला दोन दिवस धरले होते. सव्वा महिना गेला. आपल्या घराण्यात वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही, हे तुला मी काय सांगावं. वस्तू मोडली की दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची, आणि बाजूला जागा उरली नाही की वर. आईचं घर आवरलं तेव्हाची खोकीसुद्धा मी न उघडता वर ढकलली होती. आता मी दिवसभर शिडीवरून एकेक वस्तू खाली द्यायचो, ही ती पुसून, न्याहाळून ‘असू दे, लागेल’ म्हणायची, आणि संध्याकाळी मी आंघोळीला गेलो की चिरंजीवांकरवी ती पुन्हा वर जायची. चौथ्या दिवशी एक पातं नसलेला टेबलफॅन तिसऱ्यांदा खाली देताना मला तो ओळखीचा वाटला, तेव्हा हा कारभार उघडकीला आला. मग घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. (कागद पुरणार नाही, आणि त्यातलं माझं फार थोडं आहे.) त्यातून शेवटी वाचलं ते एक लाकडी स्टूल. बसायला ठेंगणं, चढून उभं राहावं तर जेमतेम दोन पावलांपुरतं. ते कोणी आणि कशासाठी करून घेतलं असेल हे कोणालाच सांगता येईना. नातीने ते कुंडी ठेवायला मागून घेतलं.

मग सुतार आला. माणूस अबोल, पण हात सोन्याचा. त्याच्याकडे टेप आहे, पण ती फक्त लाकडासाठी. माणसाच्या उठण्याबसण्याची मापं तो माणसावरच घेतो. म्हणाला, “राहणार कोण? त्यांना इथे उभं करा.” आता तुला गुपचूप आणून कशी उभी करणार? मी म्हटलं, मला उभं कर, आम्ही सख्खी भावंडं आहोत, मी आणि ताई अगदी बरोबरीचे. त्याने नक्की का म्हणून विचारलं. मी त्याला भिंतीवरचा आपला फोटो आणून दाखवला, माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातला, तू आणि मी खांद्याला खांदा लावून उभे आहोत तो. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, माझ्या टाळूवर चार बोटं आडवी धरून खूण केली आणि कौलांखाली त्या खुणेवर फळ्यांचं छत मारलं. खाली जुन्या तुळयांवर जाड फळ्यांची नवी जमीन केली, आणि वर यायला माझ्या पावलाच्या बेताने चौदा पायऱ्यांचा जिना.

खोली सुरेख झाली आहे, ताई. सकाळचं ऊन येईल अशी खिडकी आहे. उशापाशी तुझा चष्मा आणि पाण्याचा तांब्या ठेवायला कोनाडा आहे. पलंगाला धरून उठता यावं म्हणून एका बाजूला कठडा आहे, आणि तो मी स्वतः लोंबकळून तपासला आहे. जमीन घासायचं काम मी हट्टाने स्वतःकडे घेतलं. आठ दिवस रांगत होतो. नवव्या दिवशी उठायला गेलो तर अर्धाच उठलो, तो अजून तसाच आहे. पण त्याचं काही नाही. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी हाताने केलेलं हे माझं पहिलं काम, आणि ते करताना मला फार बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात सूनबाई भिंतीवरचा फोटो पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, “बाबा, यात तुम्ही कशावर उभे आहात?” पाहतो तर माझ्या पँटच्या मागून एक लाकडी पाय डोकावतो आहे. आम्ही सगळे वळलो आणि कुंडीखालच्या स्टुलाकडे पाहू लागलो. मग मला सगळं आठवलं. फोटो काढायचा म्हटलं की आई एक तर तुला खुर्चीवर बसवायची नाहीतर मला त्या स्टुलावर चढवायची. मुलगी भावापेक्षा वीतभर उंच दिसली तर लोक काय म्हणतील, ही तिची काळजी. आयुष्यभर मी तेच फोटो पाहत आलो, स्टूल विसरलो, आणि आपण बरोबरीचे आहोत हे मनाशी धरून बसलो. तू मला अजूनही टिल्लू म्हणतेस, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

सुताराला बोलावलं. त्याने फोटो पुन्हा एकदा पाहिला, या खेपेला खालून वर. म्हणाला, जमीन खाली जाणार नाही आणि कौलं वर जाणार नाहीत, आता ताईंचंच काय करता येतं ते बघा. पण मी माघार घेणारा नाही. मधल्या दोन फळ्या काढून आढ्यापर्यंत मोकळं केलं, तर दारापासून पलंगापर्यंत एक पट्टा असा निघतो की त्यात तू ताठ चालू शकशील. फक्त मध्येच वळायचं नाही. तेव्हा जागा नाही हे कारण आता संपलं. महिनाअखेरीला मी तुला न्यायला येतो आहे. सामान बांधून ठेव.

तुझा,
टिल्लू

ता. क. तुझी उंची कळव. आकड्यात नको, आकड्यात तू दोन बोटं चोरतेस. भिंतीला टेकून उभी राहा, शेजारणीला टाळूपासून टाचेपर्यंत दोरा धरायला सांग आणि तो कापून पाकिटात घालून पाठव.

आणखी ता. क. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं की पहिल्याच परिच्छेदात मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आहे आणि चौथ्यात तुझ्यासाठी चौदा पायऱ्या बांधल्या आहेत. काय सांगू? माझ्या डोळ्यांपुढे तू अजून मला खांद्यावर घेऊन शिडी चढणारीच आहेस. गुडघा किती पायऱ्यांपर्यंत साथ देतो ते खरं खरं लिही. उरलेल्या पायऱ्यांचं मी काहीतरी करतो.

शेवटचा ता. क. हे सगळं हिने आत्ता वाचलं. चष्मा काढून म्हणाली, “माळा तुमच्या मापाचा झालाय, जिना तुमच्या पावलाचा झालाय. मग आपण दोघं वर जाऊ आणि ताईंना खालची आपली खोली देऊ.” सहा महिन्यांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिच्या डोक्यात पहिल्याच दिवशी आलं होतं म्हणे, पण मला विचारलं कोणी, असं तिचं म्हणणं. पलंग उद्या खाली येतो आहे, कठड्यासकट. तेव्हा दोरा पाठवू नकोस, तूच ये. आल्यावर सगळ्यांचा एक फोटो काढू. तू मध्ये ताठ उभी राहा. मी शेजारी जमिनीवर उभा राहीन, आणि कुंडी स्टुलावरच राहू दे.