दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

२ नोव्हेंबर, रविवार
पोळ्यापासून या वहीत एक ओळ लिहिली नाही. चूक माझीच. कारण आळस नव्हता, गाडी होती. म्हणजे थोडा आळसही होता. निदान इथे तरी खरं लिहावं.

गाडी जुनी, राखाडी, ऑटोमॅटिक. क्लच नाही. दामिनीसाठीच घेतली. स्कूटीवरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा नीट वाकत नाही. तरी साकोलीहून लाखांदूरच्या शाळेत जायला रोज एसटीची ती उंच पायरी चढते. दिवाळीत नागपूरला भावाच्या ऑटोमॅटिकवर हात बसवून आली. लायसन्स आहे, उत्साह आहे. पण गिअरबॉक्स बिघडलेली गाडी बायकोच्या हाती देणं मला पटत नाही. आधी मी ती पूर्ण ठीक करणार. याच महिन्यात.

५ नोव्हेंबर, बुधवार
आजपासून शास्त्रशुद्ध निरीक्षण. इंजिनाचा आवाज चढतो. आता गिअर बदलणार हे मला आतूनच कळतं, इतकी वर्षं मामाची जीप काही उगाच चालवली नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी ठेच लागल्यासारखी पुढे वाकते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सर्वांत वाईट. पिकअप नाही. वर जळका वास. शिसारी आली.

स्वतःला विचारलं, दोष चालवणाऱ्याचा असू शकतो का? हा प्रश्न टाळता कामा नये. चहा होईपर्यंत विचार केला. नाही.

दामिनी शेजारी होती. रस्ता सोडून सारखी माझ्या पायांकडे पाहत होती. "अवो, तुमचा डावा पाय..." असं काही म्हणाली. मी म्हटलं, चपला जुन्या झाल्यात, माहीत आहे, घेईन. तिने तोंड खिडकीकडे केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
हायवेवरच्या भुपेंद्रकडे गाडी नेली. आजवर ट्रॅक्टर आणि धानाच्या मळणीची मशीनं दुरुस्त केलेला माणूस. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, जणू आत कुणी ओळखीचं भेटेल. मग म्हणे, "सरजी, हिच्यात किलचच नाई, त बिघडन काय? टेन्शन नोका घेऊ." आणि गाडीखालीच तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला.

या देशात ज्ञानाची कदर नाही. स्वतःच करणार.

९ नोव्हेंबर, रविवार
गिअरबॉक्सचं तेल बदललं. स्वतः! व्हिडिओतला माणूस 'सिंपल है दोस्तों' म्हणत होता. सिंपल नव्हतं. काढलेलं तेल काळं, जळक्या वासाचं. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. निम्मं परातीत पडलं, निम्मं माझ्या बाहीत शिरलं. दोनदा साबण लावून आंघोळ केली तरी जेवताना हाताला तोच वास. वरणातही तोच.

परात कणकेची होती हे नंतर कळलं. आई म्हणाली, "आता कणीक कायच्यात मळू, तुया टकल्यावर?"

संध्याकाळी फेरी मारली. झटका तसाच. उलट जास्त जोमदार. नवं तेल अंगवळणी पडायला वेळ घेत असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कापडवाले भैय्यालाल दुकानासमोर अडवून म्हणाले, "सर, तुमचे मांगचे लाल लाइट बंदच नाई होत जी. मी समजलो आता थांबते, मंग थांबते, एकोडीपर्यंत तुमच्या मांगं मांगं जीव मुठीत धरून आलो."

म्हणजे वायरिंगही गेलं. काय कचरा गळ्यात पडलाय!

ब्रेकलाइटचे बल्ब काढून टाकले. मग वाटलं, मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो, मला हे शोभत नाही. परत लावले. लाज वाटली, पण बल्ब काढताना नाही, लावताना. याचा कधीतरी विचार करायला हवा.

१६ नोव्हेंबर, रविवार
आईला एकोडीला मावशीकडे न्यायचं ठरवलं. तेवढीच लांबची ट्रायल. आई मागे, दामिनी शेजारी.

तलावाच्या पाळीपर्यंत आई पुढची सीट धरून होती. मग म्हणाली, "गाडी हाय का कोंबडा? दर घडी मान हलवते." पुढच्या झटक्याला तिला उलटी झाली. दोन सीटच्या मधे कप ठेवायची खाच असते, तीत. ती खाच इतक्या बारीक कोपऱ्यांची का बनवतात? काडीला कापूस लावून साफ केली.

मावशीच्या दारात चाकाला हात लावला तर चटका बसला. म्हणजे गिअरबॉक्सची उष्णता चाकापर्यंत पोचते आहे. गंभीर.

परतताना आई आली नाही. म्हणे, बैलाच्या खासरात बसून येईन, नाही तर येणारच नाही. दामिनी म्हणाली, "एक डाव मले चालवू द्या ना." मी म्हटलं, अशा अवस्थेत? तुझ्या जिवाची मला काळजी आहे. ती म्हणाली, "मलेही हाय. म्हनून त म्हनतो."

२२ नोव्हेंबर, शनिवार
भुपेंद्रला शेजारी बसवून झटका दाखवायचं ठरवलं. तो म्हणाला, "सरका सरजी, मीच पायतो." सीटवर बसल्या बसल्या त्याने डावा पाय वर घेऊन चक्क मांडी घातली, जशी बाजेवर घालतात. सीटवर ग्रीसचा डाग. एक पाय खाली, एक हात खिडकीबाहेर, तोंडात खर्रा. आणि गाडी एकदाही हलली नाही! वास नाही, काही नाही. "मख्खन हाय जी," म्हणाला.

दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसाच हा प्रकार. बेशिस्त माणसापुढे गाडीने असं वागावं याची मनापासून चीड आली. घरी येताना मी चालवली. पहिल्याच चढाला झटका.

डाग निघाला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
दामिनीने लाखांदूरला खोली पाहिली. पायरीवरून आज तिचा पाय सटकला म्हणे, कंडक्टरने दंड धरला म्हणून वाचली. मला हे तिने नाही, आईने सांगितलं. सोमवारपासून ती तिकडेच राहणार, फक्त रविवारी येणार. भांडली नाही. कपाटातून चादरी काढत होती. भांडली असती तर मला उत्तरं तरी देता आली असती.

मी म्हटलं, आणखी आठ दिवस दे, आता सेन्सर तपासतो. ती म्हणाली, "तुमी गाडी माह्यासाठी आनली का तपासासाठी?"

प्रश्न अन्यायाचा आहे. तरी जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी दामिनी म्हणाली, चाबी द्या. आवाज शाळेतला होता. दिली.

आई मागे बसली, मांडीवर रिकामी परात घेऊन. तीच परात. म्हणे, असू दे. मी शेजारी, हँडब्रेकवर हात ठेवून तयार.

दामिनीने डावा पाय बाजूला सरळ ठेवला, त्याला दुसरं काही येतच नाही. उजव्या पायाने हळू दाबलं. पहिला, दुसरा. आवाज चढला. आता झटका येणार म्हणून मी श्वास रोखला. तिसरा कधी पडला कळलंही नाही. गाडी तलावावरच्या बदकासारखी गेली.

मात्र माझा डावा पाय समोरच्या मॅटवर धाडकन आपटला. पुढच्या गिअरला परत. आपोआप, जीपच्या क्लचवर जायचा तसा. मी गुडघ्यावर हात दाबून धरला, तरी आपटलाच.

दामिनीने पाहिलं. आई बोलली, "म्हंजे मले उलटी तुया पायानं झाली काय रे?"

मी सांगितलं की नवं तेल आता मुरलं आहे, असं होतं. कुणी ऐकलं नाही. दोघी हसत होत्या. दामिनी इतकी हसलेली मी दिवाळीनंतर पाहिली नाही. लाखांदूरच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. परात कोरडी.

१ डिसेंबर, सोमवार
दामिनी गाडी घेऊन शाळेत गेली. खोलीवाल्यांना 'खोली नको' असं कळवलं. चादरी परत कपाटात. संध्याकाळी हॉर्न वाजवत आली. पायरीबद्दल काही बोलली नाही, गुडघ्याला तेलही लावलं नाही.

मी एक फेरी मागितली. फाटकापासून चौकापर्यंत. झटका. भैय्यालाल दुकानातून ओरडले, "सर, लाल लाइट!"

यंत्राचा स्वभाव असतो. काही गाड्या एकाच हाताला मानतात, यावर कुठेतरी वाचलंही आहे. वाचलं आहे का? नक्की आठवत नाही. खोडावं का? राहू दे.

उद्या: डावा पाय वर घेऊन मांडी घालायची प्रॅक्टिस, आधी बाजेवर.