माझ्या वतीने प्रार्थना करणाऱ्यांसाठी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, हयातभर एकाच ख्रिस्ती मंडळीचा पाळक आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे; गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळले. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचे अंगण, माझ्या मुलीचे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. मुलाने स्वतःहून सांगितले आहे, "बाबा, घर ताईलाच द्या. तिनं तुम्हाला सांभाळलं, मी नुसते फोन केले." त्याला पुस्तकांचे कपाट द्यावे. पुस्तकांसकट; नुसते कपाट मागेल, देऊ नये.

२. बँकेतील शिल्लक देवळाच्या छपराला देऊ नये. छपरासाठी दर वर्षी कोणी ना कोणी ठेवून जातेच. ज्यांना चालवत नाही त्यांना रविवारी गाडीने आणावे आणि घरी सोडावे, त्यासाठी ही रक्कम आहे.

३. माझा काळा झगा कोणालाही देऊ नये. उसवून बाकांच्या गाद्यांना अभ्रे शिवावेत. कापड चांगले आहे.

४. माझी आरामखुर्ची आमच्या मंडळीतल्या सिस्टरला, म्हणजे इस्पितळात नोकरी करणाऱ्या नर्सबाईंना द्यावी. याचे कारण लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मुलांची आई गेली, तेव्हा आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन बोललेली सांत्वनाची वाक्ये माझ्या घरी आली, आणि त्यांतले एकही कामाचे निघाले नाही. काही रविवार मी रेटून नेले. मग एकदा उपदेश अर्धा टाकून मी मंडळीला सांगितले, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला प्रार्थना होत नाही. हाक मारतो, पण पलीकडे कोणी आहे असं वाटत नाही."

मग पंचांचे प्रमुख, आमचे हेडमास्तर, उभे राहिले. "पाळकसाहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही राजीनामा द्यावा."

मला त्यांचे पटले होते. पण सिस्टर उठली. ड्यूटीवरून थेट आलेली, गणवेशातच. म्हणाली, "माझा नवरा आजारी होता तेव्हा मला एक शब्द सुचत नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, तू गप्प बस, मी तुझ्या वतीनं मागतो. आता त्यांनी गप्प बसावं. आपण मागू."

"आणि उपदेश कोण करणार?" हेडमास्तरांनी विचारले.

"आपणच. आळीपाळीनं."

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बसचालक अडखळत का होईना, बोलला. सुतार दोनच वाक्ये बोलला आणि लोकांनी ती आठवडाभर एकमेकांना सांगितली. मग माझ्या मुलीची पाळी आली. बाईमाणूस व्यासपीठावर चढते म्हटल्यावर हेडमास्तर छत्री उचलून बाहेर पडले.

ती म्हणाली, "आई शेवटी देवावर फार चिडली होती. रोज भांडायची. पण तिनं अबोला धरला नाही."

एवढ्या वर्षांत मला हे कोणी शिकवले नव्हते. घरी आलो, स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि देवाला मोठमोठ्याने जाब विचारला. तोंडाला येईल ते बोललो. बऱ्याच दिवसांनी ती माझी पहिली प्रार्थना. पूर्वीची श्रद्धा परत आली नाही, दुसरी आली. ती जरा लहान आहे, पण सोबत चालते.

मी व्यासपीठावर परतलो, मात्र मंडळीने पाळ्या मोडल्या नाहीत. जी माणसे आमच्याकडे नुसती येऊन बसत, ती आता आदल्या रात्री बायबल उघडून बसतात. नवी घरे जोडली गेली. मी एकटा बोलत होतो तेव्हा असे कधी झाले नव्हते, हे लिहिताना मला वाईट वाटत नाही.

५. माझ्या अंत्यविधीला उपदेश मुलीने करावा. मला संत ठरवू नये, ऐकणाऱ्यांना हसू आवरणार नाही. माझ्या जागी कोण, हे मी ठरवणार नाही. मंडळीला ते येते.

६. हेडमास्तरांना मी काहीही ठेवलेले नाही. मुलीच्या त्या उपदेशानंतर ते माझ्या दारात आले होते. म्हणाले, "चांगलं बोलली. आवाज वाढवायला सांगा, व्हरांड्यात नीट पोचत नाही." मी म्हणालो, "मग आत बसत चला." तेव्हापासून बसतात, आणि अजूनही वाद घालतात. वकील सांगतात, ज्याला मिळकतीतले काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला त्यांची सही हवी आहे.

वरील मजकूर मी वाचला, समजलो आणि खालील दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: पाळक (निवृत्त)

साक्षीदार:
१. मंडळीचे डॉक्टर
२. हेडमास्तर, पंचांचे प्रमुख

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: १२ जून, सोमवार, पाळकांच्या सुट्टीचा वार