ज्योत स्थिर होती

प्रिय ठमे,

फोनच करणार होतो, पण पहिलं वाक्य ऐकूनच तू 'असू दे हो बाबा' म्हणशील आणि मीही लगेच असू देईन. म्हणून पत्र. तुझ्या आईला वाटतंय मी शब्दकोडं सोडवतोय.

घरी सगळं ठीक. वर्तमानपत्रातला तुझा फोटो आईने चौकटीत घालून काचेच्या कपाटात ठेवलाय, नेमका माझ्या 'वीस वर्षं विनाअपघात सेवा' या प्रमाणपत्राच्या पुढ्यात. रोज सकाळी मी तो चार बोटं सरकवतो, दुपारी ती परत जागेवर आणते. परवा तुझी आत्या येऊन गेली. पूर्वी आली की विचारायची, दादा, आज वीज जाणार का रे? आता चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या विचारते, लेक काय म्हणतेय, उन्हातून किती वीज निघतेय? मी म्हटलं, आज ढग आहेत. आभाळ लख्ख होतं.

हसू नकोस. मला तुझा हेवा वाटतो. बापाने लेकीचा हेवा करावा हे लिहिताना लाज वाटते, पण वाटतो खरा. तू सात वर्षांची असताना तुला बॉयलरच्या झरोक्याशी उचलून धरलं होतं, निळ्या काचेतून आग दाखवायला. तू विचारलंस, ही जेवते का? तासाला शंभर टन कोळसा खाते म्हटल्यावर महिनाभर शाळेत सांगत सुटली होतीस. तेव्हाच तुला शिकवलं होतं, की आमच्या कंट्रोल रूममध्ये बाकी कशाबद्दलही थापा चालतात, ज्योतीबद्दल नाही. ती नकळत विझली आणि भट्टीत कोळशाची पूड साचत गेली, तर स्फोट होऊन माणसं मरतात.

आता कोणी किती वीज बनवायची ते तू ठरवतेस. ऊन चढलं की तुमच्या भार प्रेषण केंद्रातून तुझा फोन येतो, 'युनिट दोन, एकशे दहा मेगावॉटवर या.' बाबा नाही, युनिट दोन. फोन रेकॉर्ड होतो, कळतं मला. तरी रोज पोटात दुखतं. तीस वर्षं जास्त मेगावॉट काढले की पाठीवर थाप पडायची. आता मी जितका खाली, तितका धूर कमी आणि तितकं तुमचं कौतुक. ते बरोबर आहे, म्हणूनच जास्त झोंबतं. दोन वर्षांनी आमचं युनिट कायमचं बंद होणार, हेही मी वर्तमानपत्रातच वाचलं. तुझ्या त्याच फोटोखाली.

त्या गुरुवारी तुमची मोठी चाचणी होती. भरदुपारी अर्धी वीज उन्हाची घ्यायची आणि आम्ही सगळ्या कोळशावाल्यांनी तळाला जायचं. तू महिनाभर धड जेवत नव्हतीस, आई सांगायची. बाकी सगळे मुकाट्याने खाली आले. मी एकशे साठवर थांबलो. तुला सांगितलं, ज्योत डगमगतेय, आणखी खाली आलो तर बॉयलर विझेल. तू म्हणालीस, 'ठीक आहे, आहात तिथेच थांबा.' मग चाळीस मिनिटं, कडकडीत ऊन असताना, सौर प्रकल्पाचीच वीज कापावी लागली तुला. चाचणीचा आकडा अर्ध्याच्या जरासा खाली राहिला. संध्याकाळी घरी फोन करून तू विचारलंस, 'बाबा, ज्योत बरी आहे ना आता?' आजारी माणसाची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, बरी आहे.

काल आईकडून कळलं, तुझ्यावर चौकशी बसलीय. बापाच्या युनिटला झुकतं माप दिलं म्हणतात. सिद्ध झालं तर त्या खुर्चीवर तू पुन्हा बसणार नाहीस. आणि त्यांना तू काय उत्तर दिलंस, तेही आईने अभिमानाने सांगितलं. म्हणालीस, माझे बाबा ज्योतीबद्दल खोटं बोलणार नाहीत.

ठमे, ज्योत स्थिर होती. आलेखावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ आहे. मला फक्त एक दुपार तुझं ऐकायचं नव्हतं. आज सकाळी तो आलेख आणि माझ्या सहीची कबुली मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर ठेवली, एक प्रत तुमच्या समितीला पाठवली. सोमवारी तुला बोलावतील. ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस. हे तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. फोटो आता सरकवत नाही. उद्यापासून युनिट दोनवर दुसरा माणूस बसेल. तो ज्योत डगमगतेय म्हणाला, तर दोनदा विचार, आलेख मागव. मला तू काहीच विचारलं नव्हतंस.

तुझाच,
बाबा