दाबून भरू नये

७ नोव्हें., शुक्र.
अर्धांगाच्या झटक्यानंतर शोभाला दवाखान्यातून घरी आणून आज बारा दिवस. पाय सावरला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी चालू झाली. उजवा हात मात्र तसाच. बोटं हलतात, जोर नाही. वर्षाने नागपूरहून कपडे धुण्याचं मशीन पाठवलं, समोर दार असलेलं. गुणाची लेक. धुणं आता माझ्याकडे. बायकोने चाळीस वर्षं केलं, त्यात काय एवढं!

८, शनि.
पहिलं धुणं. कपडे, चादरी, टॉवेल, सगळं एका खेपेत. आयुष्य जिनिंगमध्ये कापूस भरण्यात गेलं, रिकामी जागा मला बघवत नाही. गुडघ्याने रेटून दार लावलं. दीड तासाने उघडलं तर चादरीच्या पोटात माझा सदरा कोरडा ठणठणीत, वर पावडरीचे गोळे. शो. खुर्चीतून बघत होती. "काहो, कापसाची गाडी भरून राह्यले काय?" आणि हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. सदरा गेला उडत.

९, रवि.
वर्षाचा फोन. "बाबा, दाबून नका भरू. वर हात जाईल एवढी जागा ठेवा." कपडे आत आपटले तरच मळ निघतो. खिसे तपासायचे. चादरी वेगळ्या. सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं, तसंच केलं. स्वच्छ निघाले! मी दोनदा हुंगून पाहिले. शो. जेवताना म्हणाली, "मले आता कोणतंच काम नाही राह्यलं या घरात." मी म्हटलं, मग आराम कर. चुकलंच माझं. अर्ध्या ताटावरून उठली.

११, मंगळ.
काल लिहायचं मन झालं नाही. आज मशीनसमोर स्टूल ठेवला, शेजारी कपड्यांची बादली. म्हटलं, तूच भर. डाव्या हाताने एकेक कपडा उचलून, झटकून, सुटा करून आत. अर्धा तास लागला. मी मध्ये हात घातला तर, "सरका तिकडं. तुमचं भरणं पाह्यलं मी." माझ्यापेक्षा छान धुतले गेले. दार मात्र जड, ते मी लावलं. ती दाराकडे बघत राहिली.

१३, गुरु.
डॉक्टरांकडे. उजव्या हाताला काम द्या म्हणाले, जे काय यायचं ते या दोन-तीन महिन्यांत. आणि नाही आलं तर? मी विचारलं नाही. भीती वाटते. येताना ऑटोत तिने उजवा हात डाव्याने उचलून माझ्या मांडीवर ठेवला. आर्णीच्या भर बाजारातून!

१५, शनि.
आज उजव्या हाताने टॉवेल. दोनदा पडला, तिसऱ्यांदा आत गेला. बाकीचे डाव्याने भरले. मी दार लावायला वाकलो तर, "थांबा. मले लावू द्या."
उजवा तळवा दारावर टेकवून ढकललं. खट्ट झालं नाही. पुन्हा. नाही. कपाळावर घाम. डावा हात मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवलेला. माझे हात शिवशिवत होते, तिला ते कळलं असावं. "तुम्ही बाहेर जाऊन बसा," म्हणाली.
पायरीवर बसून हे लिहितोय. पंधरा मिनिटं झाली. मशीन अजून सुरू झालेलं नाही.