पाहुण्या तुळजाबाई

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी २०२६

चि. अक्षता हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबाही कुरकुरतात. तिळाचे लाडू वेगळे पाठवलेत. यंदा मऊ झालेत, दात शाबूत राहतील. फोन असताना पत्र कशाला म्हणशील. अगं, काही गोष्टी तोंडाने नीट बाहेरच येत नाहीत.

तुमच्या संस्थेने सरकारला पाठवलेला घरकामगार कायद्याचा मसुदा वाचला. 'घर हेही कामाचं ठिकाण आहे' हे मी आपल्या तुळजाबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणतात कशा, "काकू, मग कामाच्या ठिकाणाला रविवार नसतो व्हय?" आणि खरंच की! बाईंनी सोसायटीत काम करणाऱ्या साऱ्याजणींना गोळा करून रविवारची सुट्टी मागितली.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचं नाव बंद, वॉचमन आत सोडेना. म्हणजे एका घराचं नाही, सगळ्याच घरांचं काम गेलं. कुणी बंद केलं ते... असो. लाडू कोरड्या डब्यात ठेव.

मग मी काय केलं, ऐक. कामवालीला अडवतील, पाहुण्यांना कोण अडवणार? मी रोज तुळजाबाईंना पाहुण्या म्हणून बोलावते. वॉचमन विचारतो, मी फोनवर होकार देते, बाई पाहुण्यांच्या लिफ्टने वर. आता पाहुण्यांना कामाला कसं लावायचं? म्हणून भांडी मी घासते आणि त्या सोफ्यावर. काल ओरडल्याच, "कढईची पार वाट लावली तुम्ही, द्या इकडं!" मी दिली नाही. पण बाकीची घरं आता दुसरी बाई शोधतायत, त्याचा मला घोर लागलाय.

बाबा पेपराआड. शेवटी काल विचारलंच, "चहा घेणार का?" बाई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेबांनी केला तर घेते की."

हो गं. नाव बाबांनीच बंद केलं. अध्यक्ष ना ते सोसायटीचे. चार जणांनी कान भरले. पण मला फार लागलं. तुझ्या लेखांची कात्रणं जपणारा हाच माणूस.

मसुद्यावरच्या मुंबईच्या सुनावणीत बोलायला काम देणाऱ्यांपैकी कुणी मिळत नाही म्हणालीस ना? माझं नाव घाल. गेटवर काय झालं ते मी सांगेन, अध्यक्षांच्या नावासकट.

पत्र पोस्टात टाकायला बाबाच जाणार आहेत. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

तुझी, आणि अजूनही त्यांचीच,
आई

ता. क. वाचलं. तुळजाबाईंचं नाव गेटवर पुन्हा चालू केलं आहे. रविवारी कुणाही बाईला कामाला बोलावलं तर गेट उघडायचं नाही, असं वॉचमनला बजावलं आहे. सुनावणीला आईला मीच घेऊन येईन. माझं नाव ती चारचौघांत कसं घेते, ते ऐकायचं आहे. पाकीट चिकटवतो.
— बाबा